लाईक म्हणजे लायक

बिदरकडच्या हळ्ळीखेडात कुणाला मोबाईल घ्यायचा असो, टीव्हीची छत्री बसवायची असो की पोराचा दहावीचा निकाल कॉम्प्युटरवर बघायचा असो, पाय आधी गुरुलिंगच्या दुकानाकडं वळायचे. सांगायची त्याला भारी हौस. तुम्ही एक विचारा, तो चार सांगणार, आणि चारातलं एखादं बरोबरही निघायचं. असा हा गावचा शहाणा माणूस, आणि घरात त्याचं नाव काय, तर नालायक.

शिवी म्हणून नव्हे हो. नाव म्हणून. त्याचे वडील चनमल्लप्पा सुनेला म्हणायचे, "त्या नालायकाला जेवायला बोलीव," आणि सून लक्ष्मम्मा कोण म्हणून न विचारता नवऱ्याला हाक मारायची. म्हातारा रागानं म्हणत असता तर एक वेळ चाललं असतं. राग आज येतो, उद्या जातो. पण तो अगदी थंडपणानं म्हणायचा, खांद्यावरचं उपरणं सारखं करत. पंचेचाळिशी उलटलेला गुरुलिंग ते ऐकून घ्यायचा, वर हसायचाही. आतून मात्र त्याला ते दर वेळी लागायचं, आणि हे फक्त लक्ष्मम्माला ठाऊक होतं.

याला कारण घडलं होतं. चनमल्लप्पांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, त्यांच्या वडिलांनी घातलेलं. लिंगायताचं दुकान, एक भाव, एक जबान. गिऱ्हाइकानं विचारलं, अण्णा, हे धोतर टिकंल का, आणि टिकणारं नसलं, तर म्हातारा तोंडावर सांगायचा की न्हाई टिकायचं. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर, पण जिभेवर खोटं नको. बसवण्णांची वचनं त्यांना पाठ होती. वचन म्हणजे शब्द आणि शब्द म्हणजे साक्ष, हे त्यांनी इतरांपेक्षा जरा जास्तच मनावर घेतलेलं. थोरला मुलगा शरणबसव शिकून इंजिनेर झाला आणि बंगळूरला गेला. राहिला धाकटा. त्यानं गादीवर बसायचं हे ठरलेलंच होतं, त्याला विचारायचा प्रश्न नव्हता.

पण ते दिवस होते एक्याण्णवनंतरचे. दिल्लीत कुणीतरी दारं उघडली म्हणे. हळ्ळीखेडात वारं पोचायला दोन-तीन वर्षं लागली, आणि पोचलं ते थेट गुरुलिंगच्या अंगात शिरलं. त्यानं दुकानाच्या तोंडचं एक कपाट काढून काचेची खोली केली आणि वर पिवळी पाटी लावली, एसटीडी. मग दुसरं कपाट गेलं, झेरॉक्स आलं. मग गादीच गेली. त्या दिवशी चनमल्लप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि भर बाजारात, आवाज न चढवता म्हणाले, "बापाची गादी मोडलास. नालायक हाईस." म्हातारा एकदा बोलला की बोलला. शब्द परत घ्यायची त्यांच्या घरात पद्धत नाही.

यातली गंमत बघा. लायक पोराची खुशाली कळायची ती नालायक पोराच्या फोनवरून. दर रविवारी सकाळी बंगळूरहून शरणबसवचा फोन यायचा. चनमल्लप्पा धुतलेलं धोतर नेसून काचेच्या खोलीत शिरायचे, दोन्ही हातांनी फोन धरायचे, आणि फोनशिवायही बंगळूरला ऐकू जावं एवढ्या आवाजात बोलायचे, म्हणजे बसस्टँडपर्यंत सगळ्यांना कळायचं. बाहेर आले की ज्याच्या स्टुलावर बसून बोलले त्यालाच सांगायचे, ह्याला म्हनायचं लायक. गुरुलिंग मान हलवायचा आणि मशीन बंद करायचा.

पुढं एसटीडी मेली, मोबाईल आले, दुकानात रिचार्ज सुरू झालं, एक कॉम्प्युटर आला. शरणबसवला मोठं पद मिळालं, मोठं घर मिळालं. वेळ तेवढा मिळेना. गावी येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आता रविवारचा फोनही हुकायला लागला. दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात त्यानं फोनवर सांगून टाकलं की अप्पा, मी सगळं फेसबुकवर टाकतो, गुरूला सांगा, तो दाखवेल. चनमल्लप्पांनी फोन खाली ठेवला आणि धाकट्याला विचारलं की हे कुठलं पुस्तक, आणि तुझ्या दुकानात ते कामून न्हाई.

झालं. पाच-सहा दिवस गुरुलिंग त्या कॉम्प्युटरपुढून हलला नाही. जेवण दुकानात, चहा दुकानात. जे दिसेल ते दाबून बघायचं ही त्याची शिकायची रीत. एकदा काय दाबलं कोण जाणे, सगळं तुर्की भाषेत झालं, ते परत आणण्यात एक दिवस गेला. पण शिकला. स्वतःचं खातं काढलं, मग वडिलांचं काढलं. वडिलांची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. रझाकाराच्या साली मी बैल हाकायचो, एवढंच म्हातारा सांगायचा, आणि ते लिहायला तिथं जागा नव्हती. तेव्हा गुरुलिंगनं शाळामास्तर पूर्वी घालायचे तीच तारीख घातली, एक जून. पुढं गावातल्या ज्यांची ज्यांची खाती त्यानं काढून दिली त्या सगळ्यांची तारीख त्यानं एक जूनच घातली. त्यामुळं एक जूनला अर्ध्या हळ्ळीखेडाचा वाढदिवस असतो आणि सगळे सगळ्यांना शुभेच्छा देत बसतात.

आता मुख्य गोष्ट. फोटोच्या खाली एक शब्द असायचा, आणि त्याच्याजवळ वर केलेला अंगठा. गुरुलिंगचं इंग्रजी पाटी वाचण्याइतकं. त्यानं अक्षरं जुळवली: लाईक. वाचलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत दखनीत म्हणतातच की, बडा लाइक आदमी है. आपण त्यालाच लायक म्हणतो. निजामाच्या वेळचा शब्द, इंग्रजांनी उचलला असणार. इंग्रजांनी काय काय उचललं, त्यात एक शब्द उचलला तर नवल काय. शिवाय पुरावा समोरच होता. अंगठा. ज्याला लिहिता येत नाही तो माणूस कागदावर अंगठा लावतो, म्हणजे साक्ष देतो. तेव्हा अर्थ उघड होता: अमुक माणूस लायक आहे, यावर माझा हा अंगठा.

अर्थ कळला त्या दिवशी गुरुलिंग बराच वेळ त्या अंगठ्याकडं बघत बसला. सगळ्या जगाला दिसेल अशा ठिकाणी माणसाला लायक म्हणायची सोय निघाली होती. दुसऱ्या कुणाचा अंगठा त्याला नको होता. एकाचाच हवा होता.

बाजाराच्या दिवशी दुपारी त्यानं दुकानात शाळाच भरवायला सुरुवात केली. फुकट. ज्याला फेसबुक समजून घ्यायचं त्यानं यावं. पहिले आले सिद्धाप्पा आणि म्हाळसाबाई. धनगराचं घर, मेंढरं आजाच्या काळात विकली, आता दोन एकर तूर आणि बाकी मजुरी. त्यांचा मुलगा योगीराज पुण्याला गाडी चालवायचा आणि फोनवर बोलण्यापेक्षा फोटोच जास्त टाकायचा. म्हाळसाबाईला तेवढं लेकराचं तोंड बघायचं होतं. सिद्धाप्पाला काहीच बघायचं नव्हतं, तो बायकोबरोबर आला होता.

गुरुलिंगनं समजावून सांगितलं. पासवर्ड म्हणजे घराची किल्ली, ती बायकोला सोडून कुणाला सांगायची नाही. मग जरा विचार करून म्हणाला, बायकोलाही नाही. फ्रेंड रिक्वेस्ट म्हणजे बाहेरून कुणी तरी कडी वाजवायलंय, ओळखीचा असला तर दार उघडा. वॉल म्हणजे आपली भिंत, तिच्यावर पाहिजे ते लिहा. हे डबा घेऊन आलेल्या लक्ष्मम्मानं दारातून ऐकलं आणि विचारलं की स्वतःच्या हातानं सारवलेली भिंत लोकांना खरडायला कोण देतं. नवऱ्यानं तिचं खातं काढायचा पुष्कळ आग्रह केला, पण तिनं शेवटपर्यंत काढू दिलं नाही.

खरी अडचण आली ती वरच्या चौकटीत. तिथं विचारलेलं असतं, तुमच्या मनात काय आहे. गुरुलिंगनं ते मराठीत करून सांगितलं आणि सिद्धाप्पाला म्हणाला, सांगा काका, मी लिहितो. सिद्धाप्पानं पडद्याकडं बोट केलं.

"माज्या मनात काय हाय ते ह्याला कामून सांगू?" तो म्हणाला.

गुरुलिंगनं पुढचा धडा काढला, अंगठ्याचा. सिद्धाप्पाला आधी वाटलं की हा ठेंगा दाखवायलाय. पण गुरुलिंगनं सांगितलं की बाबा, ही साक्ष आहे, माणूस लायक असल्याची, तेव्हा सिद्धाप्पाला सगळ्या फेसबुकातलं तेवढं एक पटलं. त्यानं उजवा अंगठा धोतराला स्वच्छ पुसला, माउसवर टेकवला आणि आपल्या मुलाला लायक म्हटलं. तिथपासून पद्धतच पडली. बाकी जग माउस बोटानं दाबतं, हळ्ळीखेडात अंगठ्यानं दाबतात, आणि दाबण्याआधी पुसतात.

एकदा अंगठ्याला साक्षीचं वजन आलं म्हटल्यावर गावात जे व्हायचं ते झालं. कुणी कुणाला लायक म्हटलं आणि कुणाला म्हटलं नाही याचा पारावर हिशोब व्हायला लागला. एका व्याह्यानं नव्या ट्रॅक्टरचा फोटो टाकला, दुसऱ्यानं अंगठा दिला नाही, तर पहिल्यानं दिवाळीला सून माहेरी धाडली नाही. आणि ईरम्मा गेली तेव्हा तर कहरच झाला. ईरम्मा गावात बाळंतपणं करायची, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिच्या सोलापूरच्या मुलानं फोटो टाकून आई गेल्याचं कळवलं, आणि ज्या ज्या माणसाला हळ्ळीखेडात खातं होतं त्यानं अंगठा पुसून दाबला. मुलाचा गुरुलिंगला तापून फोन आला, की माझी आई मेली त्याच्यावर लाईक कसलं करता.

गुरुलिंगनं शांतपणे विचारलं, "तुजी आई लायक नव्हती म्हन्तोस का?"

पलीकडच्यानं फोन ठेवून दिला. गुरुलिंगनं ही हकिगत पुढं कितीतरी दिवस दुकानात आल्या-गेल्याला सांगितली.

चनमल्लप्पांना पोरानं सांगितलेला अर्थ ऐकून पहिल्यांदाच त्याच्या कुठल्या यंत्राबद्दल आदर वाटला. ते रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे. गुरुलिंग त्यांच्या नावाचं खातं उघडायचा, शरणबसवचे फोटो काढायचा. शरणबसव कंपनीत, शरणबसव विमानतळावर, शरणबसव सिंगापूरला काचेच्या इमारतीपुढं. गुरुलिंग बाण नेमका जागेवर नेऊन ठेवायचा आणि बाजूला सरायचा. म्हातारा अंगठा पुसायचा, टेकवायचा, आणि तोंडानंही म्हणायचा, लायक. एकही फोटो त्यांनी सोडला नाही.

मधूनच गुरुलिंगचा स्वतःचा फोटो यायचा. तो येईल अशी व्यवस्था गुरुलिंगच करायचा. दुकानाच्या पाटीखाली उभा, नव्या झेरॉक्स मशीनवर हात ठेवून उभा. बाण तिथंही नेमका ठेवलेला असायचा. म्हातारा बघायचा, जरा पुढं वाकून नीट बघायचा, अंगठा माउसवरून उचलून मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, हं, फुडं.

गुरुलिंग पुढं न्यायचा. दुसरं काय करणार? तसं बघितलं तर आपला हात जगन्नाथ होता. वडिलांच्या खात्याची किल्ली त्याच्याच खिशात. वडील घरी गेल्यावर एकदा दाबलं असतं तर कोण विचारणार होतं. कितीदा त्यानं अंगठा तिथपर्यंत नेला. पण आपल्याच हातानं आपल्या पाठीवर थाप मारायला गेलं की हात पोचत नाही. तो कॉम्प्युटर बंद करायचा आणि घरी जाऊन भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी गप्प खायचा. लक्ष्मम्मा समजायची की आजही न्हाई.

दोन हजार बाराच्या बसव जयंतीला मठात कार्यक्रम झाला. गावाला इंटरनेट समजावून सांगितल्याबद्दल गुरुलिंगला शाल घातली, नारळ दिला. सगळ्या तालुक्यात त्यानं इतकी वर्षं जे जे सांगितलं त्याचं चीज झालं असं त्याला वाटलं. शाल पांघरलेला फोटो त्यानं त्याच दिवशी टाकला. सिद्धाप्पानं दिला, म्हाळसाबाईनं दिला, रुसलेल्या दोन्ही व्याह्यांनी दिला, मठातल्या पुजाऱ्यानं दिला. संध्याकाळी चनमल्लप्पा येऊन बसले. गुरुलिंगनं फोटो काढला, बाण ठेवला, आणि आज तो बाजूला सरला नाही. म्हातारा फोटो बराच वेळ बघत होता. मग त्यांनी हात मागं घेतला.

"अप्पा," गुरुलिंग म्हणाला, "साऱ्या गावानं म्हनलं की."

"गावानं म्हनू दे. शाल कुनालाबी घालत्यात." चनमल्लप्पांनी उपरणं सारखं केलं. "ही साक्ष हाय म्हनून तूच सांगितलास. खोटी साक्ष मी द्यायचा न्हाई."

आपणच शिकवलेलं आपल्याच आड आलं. गुरुलिंगला त्या रात्री जेवण गेलं नाही. लक्ष्मम्मा सासऱ्यावर संतापली, भांडी जरा जोरात आपटली, पण सासऱ्यापुढं बोलायची तिची प्राज्ञा नव्हती.

त्याच उन्हाळ्यात शरणबसवची मुलगी मल्लेश्वरी एकटीच गावी आली. नाव आजीचं, पण बंगळूरला तिला सगळे मिली म्हणायचे आणि फेसबुकवरही तेच. बाप आला नाही तो नाहीच, कंपनीचं काम होतं. पोरगी मात्र लाघवी निघाली. कॉलेज संपलेलं, नोकरी लागायला अवकाश, म्हणून आली आणि आजोबांच्या मागंच फिरायची. तिचं मराठी अडखळायचं, मधे मधे कानडी यायची, पण या घरात दोन्हीचा तुटवडा नव्हता.

एका बाजाराच्या दिवशी शाळा भरलेली होती. सिद्धाप्पा, म्हाळसाबाई, आणखी दोघं-तिघं बाकावर. चनमल्लप्पा कॉम्प्युटरपुढं, शेजारी मल्लेश्वरी. ती आजोबांचं खातं खाली-वर करून बघत होती. तिच्या वडिलांच्या प्रत्येक फोटोवर आजोबांचं नाव बघून तिला हसू आलं. मग तो शालीचा फोटो आला, आणि तिनं सहज विचारलं की अज्जा, काकांच्या फोटोला तुम्ही लाईक का केलं नाही.

"लायक न्हाई म्हनून," चनमल्लप्पा म्हणाले.

पोरीला वाटलं, आजोबा थट्टा करायलेत. पण कुणीच हसेना. तेव्हा तिनं नीट विचारलं, आणि गुरुलिंगनं मोठ्या हौसेनं तिला अंगठ्याचा, साक्षीचा, निजामाचा सगळा धडा परत सांगितला. ती ऐकत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले.

"नाही हो काका," ती म्हणाली. "लाईक म्हणजे लायक नाही. लाईक अंद्रे इष्टा. आवडलं. आवडतो. तेवढंच."

गुरुलिंग उखडला. काल आलेली पोर, आणि आपल्याला आपल्या दुकानात शिकवायली. इंग्रजीत काय असेल ते असू दे, हळ्ळीखेडात वर्षभर लायकच चाललंय, असं तो म्हणाला. अंगठ्याचा पुरावा त्यानं परत पुढं केला. पोरगी वाद घालेना, नुसती ओशाळून बसली. आणि जो वाद घालत नाही तो बहुधा बरोबर असतो, हे गुरुलिंगला आतून कळायला लागलं होतं. तरी तो बोलतच राहिला.

सिद्धाप्पानं अंगठ्याकडं बघितलं. "मंग ईरम्मा मेली ती आमाला आवडली व्हय?" तो म्हणाला, आणि म्हाळसाबाईनं त्याला कोपर मारलं.

चनमल्लप्पांनी नातीला परत विचारलं, "इष्टा म्हन्तीस?"

"हौदु, अज्जा," ती मान डोलावत म्हणाली. "इष्टा."

"लायक का नालायक, त्ये इचारायलाच न्हाई ह्यात?"

ती नाही म्हणाली. म्हातारा शालीच्या फोटोकडं वळला. मग मुलाकडं न बघता त्यालाच म्हणाला, "काय रे, ही पोर म्हन्ती त्ये खरं हाय का?"

आता गुरुलिंगची पंचाईत बघा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझंच बरोबर म्हणावं, तर म्हाताऱ्याचा अंगठा या जन्मात येत नाही. पोरीचं बरोबर म्हणावं, तर वर्षभर गावाला उलटं शिकवणारा, मठाची शाल पांघरणारा पहिल्या नंबरचा मूर्ख म्हणून चार शिष्यांपुढं उभं राहायचं, आणि संध्याकाळपर्यंत ते तालुक्याला, हुमनाबादला पोचणार. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आयुष्यात त्यानं कशाला ठाऊक नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"व्हय अप्पा," तो म्हणाला. "मल्लेश्वरीचंच खरं हाय. मी चुकीचं सांगत हुतो."

बाकावर कुणी तरी खाकरलं. चनमल्लप्पांनी मान हलवली. उपरण्याच्या टोकाला अंगठा पुसला, दोनदा पुसला.

"लायक तर न्हाईच ह्यो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बापाची गादी मोडला, त्ये मोडलाच. त्याच्यावर माजा अंगठा मेलो तरी यायचा न्हाई. पन आवडतो का म्हनून इचारायला असंल, तर तसं इचारायचं की. कामून एवढे दिवस उलटं इचारायलाव?"

आणि त्यांनी दाबलं. बाण आज कुणी ठेवलेला नव्हता, तो मल्लेश्वरीनं घाईनं ठेवला. गुरुलिंग भिंतीकडं तोंड करून रिचार्जच्या कार्डांची चळत नीट लावायला लागला. ती आधीच नीट होती. लायक व्हायला त्यानं उभं आयुष्य घालवलं होतं, आणि लायक न होताच हे पदरात पडलं होतं. त्याला धड हसता येईना, धड रडता येईना, आणि खोटं कशाला सांगा, थोडं रडू आलंच.

पण म्हातारा अजून उठला नव्हता. तो वर-खाली करायला सांगत होता. सिंगापूर, विमानतळ, कंपनी. शब्दाचा अर्थ बदलला की आधी दिलेल्या साक्षीही बदलतात, हे त्या डोक्यात आलं नसतं तरच नवल.

"गुरू," चनमल्लप्पा म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी त्याला नावानं हाक मारली होती, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "शरणबसवाचे हे समदे अंगठे काडता येतेत का? त्ये मी लायक म्हनून दिलोतो. लायक हायच त्यो, त्यात वाद न्हाई. आता आवडतो का इचारशील तर... तोंड बघून किती वरसं झाली. खोटं कसं सांगू?"

मल्लेश्वरीनं मान खाली घातली. गुरुलिंग वळला. त्यानं पुतणीकडं बघितलं, मग पडद्यावरच्या भावाकडं. अंगठा काढता येतो. परत दाबला की निघतो, यात काही अवघड नाही, आणि हे त्यानं स्वतःच बाकावरच्या सगळ्यांना शिकवलेलं होतं. एवढी एकच गोष्ट त्यानं बरोबर शिकवली होती म्हणा ना.

"न्हाई अप्पा," तो म्हणाला. "एकदा दाबल्यालं निघत न्हाई."

सिद्धाप्पानं काही तरी बोलायला तोंड उघडलं, म्हाळसाबाईनं परत कोपर मारलं. मल्लेश्वरीनं मान वर करून काकाकडं बघितलं. चनमल्लप्पांनी थोडा विचार केला, काठी घेतली आणि उठले.

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुजं बी न्हाई निघायचं."